दहा लिटरांची वाटणी

ज्या घराला दार नाही त्या घरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला पेट्यांचे काहीसे अवाजवी आकर्षण असावे, यात मला तरी विसंगती दिसत नाही. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरातले आमचे घर म्हणजे चार भिंती, एक चौकट आणि त्या चौकटीला लावलेला छिटाचा पडदा. रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून आई त्या चौकटीत एक फळी आडवी टेकवी आणि तेवढ्यावर आमच्या स्थावरजंगमाची राखण होई. आतल्या पत्र्याच्या ट्रंकेला कोयंडा होता, कुलूप नव्हते. अण्णांचे सातबाराचे उतारे, दुधाच्या हिशेबाची वही, आजीची नथ आणि माझ्या गोट्यांची पिशवी, एवढा ऐवज त्या एका ट्रंकेत एकमेकांना खेटून नांदत असे. आणि ती लावताना गुडघा टेकवून झाकण दाबावे लागे, म्हणून तिच्यात काय आधी ठेवायचे आणि काय नंतर, याची एक ठराविक परंपराच आईने घालून दिली होती.

गावाचा देवही उघड्यावरचा. साडेपाच फुटांची ती काळी शिळा चौथऱ्यावर उभी आहे आणि तिच्यावर छप्पर नाही. पानसनाल्याच्या पुरात वाहत आलेली ही शिळा कुणाच्याने हलेना, तेव्हा सख्ख्या मामा-भाच्यांनी ती उचलावी आणि वर कळस बांधू नये, आकाश हेच आपले छत, असा दृष्टान्त झाल्याचे आमच्याकडे सांगतात. गावात चोरी होतच नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. अलीकडच्या काळात चोरीच्या फिर्यादीही पोलीस दप्तरी रुजू झाल्या आहेत, हे मी सरकारी नोकर या नात्याने नाकारू शकत नाही. पण २०११ साली युको बँकेने शाखा उघडली तेव्हा तिलाही गावाचा रिवाज मानून कुलपाशिवायच कारभार मांडावा लागला, हेही तितकेच खरे.

कुलूप मी पहिल्यांदा विकत घेतले ते नगरच्या वसतिगृहात. किल्ली करगोट्याला बांधली आणि तिसऱ्याच दिवशी विहिरीवर पोहताना घालवली.

पहिला संगणक २००२ साली आला, असेंबल केलेला. त्याचे कॅबिनेट म्हणजे पांढुरका, गुडघ्याएवढा उंच मनोरा. त्यातली निम्मीअधिक जागा रिकामी आणि तीही कायम मोकळी, कारण बाजूचा पत्रा एकदा काढला तो पुन्हा लावलाच नाही. आत एक पाल बरीच वर्षे बिऱ्हाड करून होती. त्या यंत्रावर मी ‘रोड रॅश’ खेळलो तेवढ्या रात्री जागून विभागीय परीक्षेचा अभ्यास केला असता तर आज अधिक वरच्या खुर्चीवर असतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे, आणि ते खोडून काढण्याजोगा पुरावा मजपाशी नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. बांध, हद्द, पोटहिस्सा आणि भाऊबंदकी यांतच माझी हयात गेली. तेव्हा गेल्या वर्षी माझ्या भाच्याने, जो आजोळी राहून सोनईच्या महाविद्यालयात शिकतो, गेमिंगच्या संगणकाचा विषय काढला आणि मामा-भाच्यांनी मिळून तो घ्यावा, पंधरा दिवस पुण्यात माझ्याकडे आणि पंधरा दिवस शिंगणापुरात त्याच्याकडे राहावा, अशी तजवीज ठरली, तेव्हा ओघानेच यंत्र असे हवे झाले की जे पिशवीत घालून, एस.टी.त मांडीवर ठेवून, घोडेगावच्या फाट्यावर उतरून घरी नेता येईल. लहान संगणकांच्या या जगात कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगतात, हे मला तिथे प्रथम कळले. कुणी बारा लिटर म्हणतो, कुणी नऊ. ‘डॅन ए४’ नावाच्या एका नामांकित जर्मन पेटीची कीर्ती तर ती अवघ्या ७.२ लिटरांची आहे म्हणून. आम्ही दहाच्या आसपास स्थिरावलो. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी दुधाच्या किटलीयेवढा? मग त्याला यवढं पैसं कशापायी?”

प्रश्न रास्त होता. लहान वस्तू स्वस्त असते हा आपला समज या व्यवहारात प्रारंभीच बेदखल होतो. नेहमीचा मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, इंटेलने १९९५ साली घालून दिलेल्या मापाचा. लहान पेटीत बसणारा १७० मिलिमीटर चौरस, तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली पुढे आणलेला. क्षेत्र निम्म्याहून कमी, आणि किंमत जास्त! रॅमला चारऐवजी दोन खाचा, कार्डाला एकच, आणि तरीही मोठ्याने करायची ती सारी कामे त्याने करायची. गुंठेवारीतल्या जागेचा दर शेतापेक्षा चढा असतो, हे ज्याने आयुष्यभर पाहिले त्याने याचे आश्चर्य करू नये, मी केले.

खरी कसोटी पुढे होती. मोठ्या मनोऱ्यात प्रत्येक भाग आपापला स्वतंत्र निवडावा आणि आत लोटून द्यावा. दहा लिटरांत मात्र एकाने पाय पसरला की दुसऱ्याच्या हद्दीत जातो. आमच्या पेटीत मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्ड एका पत्र्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसतात, वाटणीनंतर एकाच वाड्यात मधली भिंत घालून राहिलेल्या भावांसारखे, आणि दोघांमधला संबंध एका चपट्या वायरीपुरता उरतो. हा मधला पत्रा सरकवता येतो. कार्ड जाड घ्या, तेवढी प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची घटते. उंच पंखा घ्या, कार्ड बारीक घ्यावे लागते. वीज पुरवणारा एसएमपीएस नेहमीचा चालत नाही, १२५ बाय १०० मिलिमीटरचा आणि ६३.५ मिलिमीटर जाडीचा छोटा लागतो, आणि त्याच्या वायरी कुठून वळवायच्या हा वहिवाटीच्या रस्त्याइतकाच चिवट तंटा असतो.

भाच्याची पहिली मागणी १२० वॅटच्या प्रोसेसरची होती. त्याला मी नगर जिल्ह्याच्या वैशाखाची आठवण करून दिली; जिथे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि दार नसलेल्या घरात रस्त्याची धूळ पाहुण्यासारखी न विचारता येते, तिथे एवढी उष्णता एवढ्याशा पेटीतून बाहेर काढणार कशी? अखेर ६५ वॅटच्या वर्गातला ‘रायझेन ५ ७६००’ आणि ११५ वॅटचे ‘आरटीएक्स ४०६०’, तेही दोन पंख्यांचे आखूड कार्ड, यांवर तडजोड झाली. सगळे यंत्र भर खेळात असतानाही स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा कमी वीज खाते, म्हणून दिवे गेले तरी इन्व्हर्टर त्याला काही काळ पोसू शकतो; हा मुद्दा आईला इतर सर्व मुद्द्यांपेक्षा अधिक पटला. पेटी जाळीच्या बाजूंची घेतली. काचेची बाजू देखणी दिसते खरी, पण आमच्या गावच्या वस्तूला वारा लागलाच पाहिजे, असा माझा आग्रह होता.

आता कबुली. निवडलेल्या मांडणीत पंख्यासाठी ५५ मिलिमीटर उंची मिळत होती. मी जो पसंत केला त्याच्या तपशिलात ५१ हा आकडा होता, आणि मी तो वाचून समाधानाने मान डोलावली. पुण्यात जमिनीवर चादर अंथरून आम्ही दोघे जुळणीला बसलो, स्क्रू वाटीत काढून ठेवले, प्रोसेसर अलगद खाचेत बसवला, आणि शेवटी बाजूची जाळी लावू लागलो तर ती एका कडेने उचलून राहू लागली. दाबली तर आतून कुरकुर आवाज. कंपासपेटीतली पट्टी आणून मोजले: ६६. ते ५१ म्हणजे नुसत्या पत्र्यांच्या जुडग्याची उंची होती. वरच्या पंख्याचे १५ निराळे, खालच्या बारीक ओळीत. लोकांच्या हद्दी कायम करण्यात ज्याचे केस पांढरे झाले त्याने अकरा मिलिमीटरांचे अतिक्रमण स्वतःच्याच पेटीत करावे! भाचा तोंड फिरवून हसत होता. त्याने खुलासा मागितला नाही, हा त्याचा चांगुलपणा. मला त्या वेळी आठवला तो ट्रंकेच्या झाकणावर टेकलेला आईचा गुडघा, पण इथे गुडघा चालणारा नव्हता.

तो पंखा बदलून ‘नॉक्टुआ’ या ऑस्ट्रियन कंपनीचा अवघ्या ३७ मिलिमीटरांचा आणला आणि जाळी बिनतक्रार बसली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी गावी गेलो. पेटी आतल्या फडताळात, जुन्या ट्रंकेच्या शेजारी ठेवली. आईने तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मी तो काढला, वारा कोंडतो म्हणून सांगितले. सकाळी पाहतो तो रुमाल पुन्हा जागेवर. तिच्या मते धूळ ही उकाड्याहून वाईट. पुण्याच्या घरात हेच यंत्र ठेवून बाहेर जाताना मी कडी, कुलूप आणि वर लॅच असा तिहेरी बंदोबस्त करतो. इथे त्या रात्री तेलाच्या कॅनांनी भरलेल्या गाड्या रस्त्याने जात होत्या, दर्शनाला आलेले शेकडो अनोळखी लोक अंगणासमोरून चालले होते, आणि पडद्याआड साठसत्तर हजारांचा ऐवज मिणमिणता दिवा लावून बसला होता. आई फळी टेकवून झोपली. मी दोनदा उठून पाहिले, हे तिला सांगितले नाही.

दुसऱ्यांदा उठलो तेव्हा भाचा जागाच होता. कानाला हेडफोन, पडद्यावर कसलीशी धावपळ, आणि पेटीतला पंखा उन्हात धापा टाकणाऱ्या कुत्र्यासारखा चाललेला. त्याने खेळ थांबवला आणि हळूच म्हणाला, “मामा, पंचावन्नमधनं सदतीस गेलं. अठरा मिलिमीटर पडीकच हाय की. ह्याच्यावरचा चौदाचा पंखा काढून पंचवीसचा जाड पंखा लावला तर अट्ठेचाळीस हुतंय. तरी सात उरतंय.”

“जाळीपासनं मोजलंस का मदरबोर्डापासनं?”

तो गप्प राहिला. मी पिशवीतून पट्टी काढली आणि रुमाल बाजूला केला.