जोर कशाला लावायलास?

गंजाशी झगडण्यात माझी उभी नोकरी गेली. साखर कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि फिटर म्हणूनच निवृत्त झालो. ऊस संपला, गाळप बंद झालं, की पुढचे सगळे महिने आमचं काम एकच: उघडं लोखंड पावसाळ्यातून सुखरूप पार करायचं. हे काम कुठं शिकलात असं कुणी विचारलं तर आयटीआयचं नाव सांगतो, कारण प्रमाणपत्र तिथलं आहे. पण मी खरं देणं लागतो ते आमच्या राणीसावरगावच्या एका निवृत्त पोलीस जमादारांचं. त्यांनी मला शिकवलं ते आमच्या घरातल्या शिकारीच्या रायफलीवर. त्या रायफलीनं माझ्यादेखत एकही शिकार केलेली नाही.

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरभागात. आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, तरुणपणी शिकारीला जाणं ही कौतुकाची गोष्ट होती. त्यांनी परवाना काढून ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट थ्री वन फाइव्हची रायफल घेतली. इंग्रजांच्या काळापासून फौजेच्या थ्री-नॉट-थ्रीचा बोअर आपल्यासारख्यांना बंद होता, म्हणून बाहेरच्या माणसासाठी हा वेगळा बोअर. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. परवाना राहिला, रायफल राहिली, आबा गेल्यावर दोन्ही दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर झाली. शिकार नाही म्हणजे रायफल उघडायचं कारण नाही. ती कातड्याच्या म्यानात, माळवदाच्या मातीच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली असायची.

वर्षातून एकदा ती बाहेर यायची, खंडेनवमीला. आई पाटावर कोयता, विळा, खुरपं, पाभरीचा फण मांडायची आणि मधोमध रायफल. पाण्यात कालवलेलं हळदीकुंकू नळीला लावायचं, वर झेंडूची ओली फुलं. ती रात्रभर तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की दादा फुलं काढायचे आणि रायफल जशीच्या तशी म्यानात घालून खुंटीला लावायचे. त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. देवाचं झालं, शस्त्राचा मान झाला.

अशाच एका नवमीला जमादारकाका पानसुपारीला आले. राज्य राखीव पोलीस दलात त्यांची बहुतेक नोकरी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, गेली होती. पेन्शनीत येऊन ते गावात थोडी कोरडवाहू जमीन करत होते. त्यांनी रायफलीकडे पाहिलं, पान खाल्लं, लोक जाईपर्यंत बोलले नाहीत. मग दादांना म्हणाले, "पाटील, ही हातात घेऊ का? परवाना तुमचा, तेव्हा तुम्ही समोर बसा. तुम्ही उठलात की मी हात काढणार." हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. दादा शेतात गेले असतील तर ते ओट्यावरूनच परत जात.

त्यांनी नळी भिंतीकडे केली, बोल्ट मागं ओढला, मॅगझिन पाहिलं आणि करंगळी घालून आतली जागा रिकामी असल्याची खात्री केली. डोळ्यांना दिसत असूनही बोटानं चाचपलं. मग बोल्ट काढून नळी दाराच्या उजेडाकडे धरली आणि मला म्हणाले, "लेकरा, बघ आत." मला आत एक उजळ गोल दिसला आणि त्याच्या कडेनं गेलेले पीळ. आतून ती बरी होती. बाहेरून मात्र जिथं कुंकू लागत होतं तिथं तांबूस खवले होते, म्यानाचं कातडं टेकत होतं तिथं बारीक पुरळ उठल्यासारखं झालं होतं. आणि नळीच्या मधोमध एक अंगठा उमटलेला होता, रेघान् रेघ मोजता येईल असा, गंजाचा. कधीतरी घामेजल्या हातानं दादांनी ती उचलली असणार. घामातल्या मिठानं लोखंडावर शिक्का मारून ठेवला होता.

आई म्हणाली, चिंच देते, तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख निघतात. मी तोवर विटकरीचा भुगा घेऊन आलो होतो. जमादारकाकांनी दोन्ही बाजूला सारलं. चिंचेचं आंबट गंज खातं हे खरं, पण नळीवरचा काळा मुलामाही खातं, आणि मग उघडं पडलेलं लोखंड दुप्पट वेगानं गंजतं. त्यांनी खिशातून तांब्याचा जुना ढब्बू पैसा काढला. आधी त्या डागांवर मशीनचं तेल लावून ते अर्धी दुपार मुरू दिलं. त्या वेळात त्यांनी शेताच्या, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या; मला वाटलं, काम विसरलेच. मग तो पैसा आडवा धरून अगदी हलक्या हातानं खरडायला लागले. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते गंजाचा खवला उचलतं आणि खालच्या पोलादाला ओरखडा पाडत नाही. चिंधीवर तपकिरी चिखल येत होता. तो पुसायचा, पुन्हा तेलाचा थेंब.

मग पैसा माझ्या हातात दिला. मी मान खाली घालून जोरात घासायला लागलो. चकाकी आली की साफ झालं, एवढीच माझी समज. त्यांनी माझं मनगट धरलं. "जोर कशाला लावायलास? गंज काढायचाय, लोखंड नाही. काळं दिसलं की थांब."

काळं दिसलं की थांबायचं, हे मला तेव्हा पटलं नाही. मला ती नळी ताटासारखी चमकायला हवी होती. त्यांनी सांगितलं की हा काळा रंग म्हणजे रंग नव्हे, हासुद्धा गंजच, पण मुरवलेला. जुने कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवत, ती पाण्यात उकळत, वरची भुकटी घासून काढत आणि पुन्हा तेच. तांबडा गंज उकळून काळा होतो आणि चिकटून बसतो. मला ती थाप वाटली. पुढं आयटीआयमध्ये मास्तरांनी मॅग्नेटाइट फळ्यावर लिहिलं, तांबडा गंज सच्छिद्र असल्यानं खालच्या लोखंडाला हवापाणी पोचतच राहतं आणि काळा थर घट्ट बसतो असं सांगितलं, तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ते आधीपासून ठाऊक होतं. त्यात माझी हुशारी काडीची नव्हती.

त्यानंतर बोल्ट. तो ओढताना अडकत होता. जमादारकाकांनी बोट लावलं, वास घेतला आणि हसले. "करडईचं घातलंय." आमच्याकडे करडई घरची, घाण्यावरून आणलेलं तेल डबाभर, म्हणून दाराच्या कडीपासून रायफलीपर्यंत सगळ्याला तेच. पण करडईचं तेल हवेत हळूहळू सुकतं आणि चिकट पिवळी साय धरतं. त्यात धूळ बसली की खळच. त्यांनी बोल्ट रॉकेलमध्ये भिजवला आणि मला पाठ करायला लावलं: करडई जेवायला, जवस लाकडाला, मशीनचं लोखंडाला. लाकडी दस्त्याला मात्र त्यांनी जवसाचं तेल तळहातानं चोळायला लावलं, कारण सुकून लाकडात बसणं हा तिथं त्या तेलाचा गुणच ठरतो.

म्यान त्यांनी त्याच दिवशी निकालात काढलं. कमावलेल्या कातड्यात क्षार राहतात, शिवाय ते दमट धरून ठेवतं. रायफल भिंतीवरून उतरून लाकडी पेटीत गेली. पेटीत एका भोकं पाडलेल्या डब्यात कळीचा चुना, फडक्यात बांधून, त्याची भुकटी उडून रायफलीवर बसणार नाही असा. तेल पुसटसंच ठेवायचं आणि पहिले काही दिवस नळीचं तोंड खाली करून उभी करायची, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात उतरून ते कुजत नाही. मृगापासून हस्तापर्यंत दर पंधरवड्याला उघडून पाहायची; उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी की महिन्यातून एकदा पुरे. आईला त्यांनी हात जोडून सांगितलं, "वहिनी, कुंकू लाकडाला लावा, नळीला नको. आणि संध्याकाळी फुलं उचला." आईनं ऐकलं. शास्त्र कुठं मोडलं नाही.

मी पावसाळाभर त्यांच्या मागं लागलेला असायचो. ते कोतातल्या गोष्टी सांगत. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांनी चांदमारी झाली की परतल्यावर आधी नळीत उकळतं पाणी ओतायचं, तेल नंतर. नवे पोलीस थेट तेल घालत, आणि काही दिवसांत नळी आतून खाल्लेली असे. उकळतं पाणी का, हे त्यांना शाळेच्या भाषेत सांगता येत नव्हतं. "आतलं मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं," एवढंच म्हणत. उत्तर बरोबर होतं. त्या काडतुसांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचं जळून मीठच होतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं.

दहावीत मला बेताचे गुण पडले. दादांना मी मास्तर व्हावं असं वाटत होतं. डीएडला नंबर लागला नाही आणि घरात काही दिवस कुणी कुणाशी बोलेना. जमादारकाका आले, माझ्यासमोरच दादांना म्हणाले, "ह्याचा हात चांगलाय. फिटरला घाला." माझ्याबद्दल चांगलं असं तोवर कुणी काही बोललं नव्हतं. त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं.

कारखान्यात लागल्यावर पहिल्याच बिगरहंगामात बॉयलर कोरडा ठेवायचं काम होतं. मुख्य फिटरनं मला ड्रमच्या आत ट्रे सरकवायला सांगितले. ट्रेमध्ये कळीचा चुना होता. मी त्या अंधाऱ्या ड्रममध्ये गुडघ्यांवर होतो आणि हसू आवरेना. बाहेर आल्यावर कुणाला सांगावं तरी काय. पुढं शाफ्टचे जर्नल, पंपांचे घासलेले पृष्ठभाग, उसाच्या आंबट रसानं खाल्लेले भाग, सगळीकडे तेच: आधी धू, पूर्ण सुकव, मग तेल किंवा ग्रीस. ओल्यावर ग्रीस फासलं की पाणी आत कोंडतं आणि गंज झाकणाखाली निवांत वाढतो. पोरं घाई करायची, मीही त्यांचं मनगट धरायचो. तोंडून शब्द जमादारकाकांचेच निघायचे, मराठवाडी हेलासकट.

दादांनंतर परवाना थोरल्या भावाच्या नावावर झाला. निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा करावी लागते; भाऊ नेण्याआधी मला बोलावतो. मी जरा जाड तेलाचा हात देतो, आणि परत आली की त्याच दिवशी पुसतो. चुन्याच्या जागी आता सिलिका जेलच्या पुड्या आहेत. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा निळे करायचे. डागांना स्टील वूल मिळतं, चार शून्यांचं, सगळ्यात बारीक. पुतण्यानं मध्यंतरी डब्ल्यूडी-४० चा डबा आणला आणि एवढ्यावर भागेल म्हणाला. त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. ओली झालेली रायफल सुकवायला ते उत्तम, पण पावसाळाभर राहील असा थर त्याचा राहत नाही. त्यावर तेल लागतंच.

जमादारकाकांना शेवटी दिसेनासं झालं होतं. तरी भाऊ रायफल घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायचा आणि ते नखाची कड नळीवरून फिरवून सांगायचे, "इथं आहे." मी भिंग लावून पाहिलं की टाचणीच्या टोकाएवढा डाग सापडायचा.

त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. दादांनी एकदा ज्वारीचं पोतं पाठवलं, ते तसंच परत आलं. नोकरीला लागल्यावर मी त्यांच्यासाठी परभणीहून चांगल्या गन ऑइलचा डबा नेला. त्यांनी तो हातात घेऊन विचारलं, "कारखान्यातला आहे का?" मी पावती दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, तारीख पाहिली, किंमत पाहिली, महाग पडला म्हणून मला दोन शब्द ऐकवले आणि मग डबा कोनाड्यात ठेवला.