डेड सेट

चालत्या सेटपेक्षा बंद पडलेल्या सेटला मी जास्त जपून हात लावतो. चालता सेट प्लग काढला की आत साठलेली वीज स्वतःच संपवतो. डेड सेटमध्ये ती संपवणारं कुणी नसतं. घरातले २३० व्होल्ट डायोडमधून गेले की मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी होऊन बसतात. सप्लाय सुरूच होत नसेल, तर प्लग काढल्यावरही ते बराच वेळ तिथेच असतात. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब हातात दिला होता. आधी कंडेन्सर त्यावर उतरवायचा, मगच बोट आत.

परवा एक मुलगा चौदा इंची रंगीत व्हीजीए मॉनिटर छातीशी धरून जिना चढून आला. आजोबांच्या प्रेसमधला. त्यावर दिवाळी अंकाची पानं लागायची. "काका, लाइटसुद्धा लागत नाही," म्हणाला.

सिरीज बोर्डात शंभरचा बल्ब लावून सेट चालू केला. बल्ब एकदा झपकन पेटला आणि विझला. तेवढ्यात बरंच कळतं. शॉर्ट असता तर तो पेटलेलाच राहिला असता. म्हणजे फ्यूज ठीक, डायोड ठीक, कंडेन्सर भरला. पुढे कुणी वीज घेत नव्हतं. दुकानाचा पंखा बंद करून कान लावला. टिक... टिक... सेकंदाला एखादी. हा आवाज आला की मला हुरूप येतो, कारण आत कुणीतरी उठायचा प्रयत्न करत असतं.

सप्लायची आयसी ३८४२ होती. तिला सुरू व्हायला सोळा व्होल्ट लागतात आणि दहाच्या खाली गेलं की ती थांबते. पहिले सोळा एका मोठ्या रेझिस्टरमधून थेंबथेंब येऊन एका छोट्या कंडेन्सरवर साठतात. पुढचा खुराक ट्रान्सफॉर्मर देतो. तोवरची शिदोरी त्या कंडेन्सरची. तोच वाळला असेल तर आयसी उठते आणि लगेच बसते.

बोर्ड काढण्याआधी ट्यूबवरची रबरी टोपी. तिच्याखाली चालत्या सेटमध्ये पंचवीस हजारांच्या घरात व्होल्ट असतात, आणि आतबाहेर काळा लेप दिलेली काच स्वतःच एक कंडेन्सर असते. पेचकसाला वायर बांधून ती ट्यूबमागच्या उघड्या तारेला जोडली, टोक टोपीखाली सरकवलं. चट् झालं नाही. थोडं थांबून पुन्हा सरकवलं, कारण काचेत मुरलेला चार्ज नंतरही वर येतो.

मग ट्यूबची मान. सॉकेट काढताना माझा श्वास अजूनही अडकतो. बाकी सगळं बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी मिळेल. एकाचं नाही तर दुसऱ्याचं बसवता येईल. ट्यूब मिळणार नाही. आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता, तेव्हा इतक्या लवकर चपटे पडदे सगळं व्यापतील असं मला वाटलं नव्हतं. आता ही मान तडकली की हवा आत शिरणार, आणि संपलं.

तो कंडेन्सर हीटसिंकला खेटून होता. वरून सपाट, कुठे फुगवटा नाही, अगदी ठणठणीत. मीटरवर सत्तेचाळीसच्या जागी तीन मायक्रोफॅरड. इतकी वर्षं शेजारच्या उष्णतेने आतून वाळला होता. एकशेपाच अंशांचा नवा लावला, हीटसिंकपासून जरा कलता. हात लागलाच होता म्हणून एलओटीच्या, म्हणजे टोपीखालचे ते हजारो व्होल्ट बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पिनांवरची जुनी सोल्डर काढून नवी मारली. दोन पिनांभोवती केसाएवढी गोल चीर होती. ती राहिली असती तर सेट महिन्याभरात पुन्हा आला असता.

पडद्यावरचे रंगाचे डाग पुसणाऱ्या डिगॉसिंग कॉइलचा प्लग काढून ठेवला, नाहीतर सिरीजचा बल्ब तीच पेटवते. चालू केलं. बल्ब भपकन पेटून मंद झाला. मग कॉइल जोडली, मॉनिटरची वायर दुकानातल्या जुन्या पीसीला लावली आणि सेट थेट लाइनवर घेतला. ठण्ण! मानेत नारिंगी ठिपका उजळला, काच तडतडली, हातावरचे केस उभे राहिले. पडद्यावर करड्या अक्षरांत डॉसचा प्रॉम्प्ट आला. मुलगा काही बोलला नाही, फक्त वाकून पाहत राहिला.

"काका, उजेड थोडा वाढवा ना."

एलओटीवर खालचा नॉब स्क्रीनचा. पिळला असता तर वाढला असता. पण दमलेल्या ट्यूबला असं पिळलं की ती उरलेलं आयुष्य लवकर जाळते. मी झाकण बसवायला घेतलं.

"खोलीतला दिवा बंद करून बघ."

त्याने उठून दुकानातली ट्यूबलाइट बंद केली.