साठ हजारांचा माइक आणि कपाटाची चावी

मागच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये एका निवृत्त शिक्षिकेच्या अंत्यविधीची उपासना होती. मुलगा आईबद्दल बोलायला उभा राहिला आणि कॉर्डलेस माइकने खरखर सुरू केली. दोन शब्द ऐकू यायचे, चार गायब. पुढच्या बाकावर बाईंचे यजमान, सर. त्यांना तसंही कमी ऐकू येतं. ते शेजारच्याला विचारत राहिले, "काय म्हणाला तो?"

पुढच्या रविवारी कमिटीने जाहीर केलं: नवी सिस्टीम, साठ हजार, घरटी पाचशे. आमच्याकडे निम्मे लोक रोजंदारीवर आहेत. मी विचारलं, "जुन्याला झालंय काय, कुणी बघितलं का?" सगळे गप्प. (हा प्रश्न नगरपालिकेत विचारला तरी असंच होतं, पण ते सोडा.)

लग्नाला साउंड लावणारा आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे. त्याला घेऊन गेलो. त्याचा पहिला प्रश्न, "काका, रिसीव्हर कुठंय?" रिसीव्हर लोखंडी कपाटात! चोरी होऊ नये म्हणून कुलूप लावून. दोन्ही अँटेना दुमडलेल्या आणि बरोबर डोक्यावर इंटरनेटचा राउटर. पोरगा हसला. "डब्यात कोंडून रेडिओ लावला तर लागंल का?"

त्याने रिसीव्हर बाहेर काढून व्यासपीठाजवळच्या खांबावर सात फूट उंच बसवला. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच, त्यात या लहरी अडतात, म्हणून डोक्यांच्या वर. अँटेना व्ही आकारात उघडल्या. मी म्हटलं, रिसीव्हर कपाटातच ठेवून अँटेनाची वायर लांबवली तर? तो म्हणाला, स्वस्त वायरीत सिग्नल वाटेतच मरतो. रिसीव्हर माइकजवळ आणायचा आणि तिथून मिक्सरपर्यंत आवाजाची वायर लांब टाकायची, ती वीस-पंचवीस मीटरला दमत नाही. वायर आणि फळी मिळून खर्च साडेअकराशे.

मग दोन्ही माइक बंद करून त्याने रिसीव्हरचा दिवा बघितला. एका चॅनेलवर माइक बंद असूनही सिग्नल दाखवत होता. म्हणजे तिथं दुसरंच कुणीतरी बोलतंय. त्या माइकवर ७०० मेगाहर्ट्झच्या वरचा आकडा छापलेला. हा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइलसाठी विकला गेलाय आणि टॉवर आमच्या मागच्याच गल्लीत आहे. तो माइक काही सुधारणार नाही, ठेवून द्या, म्हणाला. दुसरा माइक ५०० च्या पट्ट्यातला, तो दारापर्यंत चालून बघितला, कुठेही तुटला नाही. फक्त पाळकसाहेब माइक अगदी खालून मुठीत धरतात आणि अँटेना तिथंच असते. हे त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी हसत मान्य केलं.

राहिला प्रश्न उपदेशाच्या जागेचा. व्यासपीठ काही चालत नाही, मग तिथं कॉर्डलेस हवाच कशाला? साधा वायरचा माइक लावला की झालं. कमिटीतल्या दोघांना हे 'मागासलेलं' वाटतंय. त्यांच्याशी रविवारी बोलणार आहे. काही घरांनी पाचशे आधीच दिलेत, ते परत करण्याचंही बोलायचंय.

कुणाकडे वायरचा चांगला माइक पडून असेल तर इनबॉक्स करा. महिन्याच्या शेवटी बाईंची स्मरणसभा आहे. मुलगा पुन्हा बोलणार आहे, सर पुढच्याच बाकावर असतील.