विटकरी एकादशी

ग्लुकोमीटर घरोघर येण्याआधी ज्यांच्या घरात ‘साखर’ शिरली होती, त्यांना मोरीच्या खिडकीतला तो सरंजाम आठवेल: काचेची नळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या पाण्याची बाटली. 5 मिलिलिटर निळं पाणी, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि उकळी. नळीचं तोंड कुणाकडे धरायचं नाही, हे आम्हा नातवंडांना पाढ्यांआधी पाठ. निळं राहिलं तर निर्धास्त. हिरवं, पिवळं, नारिंगी करत विटकरीवर गेलं की स्वयंपाकघरात कुजबुज.

अण्णांनी साखर सोडली होती, म्हणजे चहातली. पानात मात्र वरणभाताची मूद, मागून ताकभात. “भात काय गोड असतो?” हा त्यांचा बिनतोड सवाल. चहात गूळ पडायचा; गूळ ‘चालतो’, असं सगळी आळी म्हणायची. नळीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गंमत एकादशीची. दुपारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी. नंतर बघावं तर नळी विटकरी! “अहो, उपास होता ना?” आजी विचारायची. “मग! सकाळपासून अन्नाला शिवलो नाही.”

आम्हाला कळायला वय जावं लागलं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच माळा. साबुदाणा हा कंदातला जवळपास निव्वळ स्टार्च. शिजून फुलला की पोटात माळ भराभर सुटते. 1981 मध्ये टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोजला 100 धरून कुठला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते मोजलं. पुढच्या तक्त्यांत पांढरा भात आणि उकडलेला बटाटा सत्तरीच्या घरात, साखर त्यांच्याखाली, हरभरे तिशीच्या आसपास. जिभेची गोडी वेगळी आणि रक्ताची वेगळी. त्यातून लघवीत साखर उतरते ती साधारणपणे रक्तातली 180 च्या वर गेल्यावर. नळी बोलायची तीही उशिरा.

मटकीची उसळ आणि भाकरीच्या दिवशी नळी हिरवीवर थांबायची. उसळीतला चोथा आणि प्रथिनं पचन रेंगाळवतात, शिवाय त्या दिवशी भात कमी. आजी म्हणायची, “देवाची कृपा.” कृपा तिच्याच पातेल्यात होती.

आता बोट माझं. परवाच्या एकादशीला खिचडीनंतर दोन तासांनी आकडा 212. सूनबाईने विचारलं, “बाबा, काय खाल्लंत?”

तोंडातून निघून गेलं, “काही नाही गं, उपास आहे.”