मांडव्याचा इसार

2020मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि आमच्या घरात जागेचं वेड शिरलं. आधी इसार दिला, सातबारा नंतर पाहिला. (महाभूलेखवर घरबसल्या दिसतो, बायांनो!) निघाली शेतजमीन. आम्ही शेतकरी नाही. कूळकायद्यानुसार परवानगीशिवाय ती नावावर होणार नव्हती. इसार परत मिळेना.

"तुझ्या पाटल्या मोडून वकील करू," हे म्हणाले. मी नाही म्हटलं. गेले तेवढे गेले, त्यांच्यामागे आणखी घालायचे नाहीत.

परिग्रह-परिमाणाच्या अतिचारांत पहिलं नाव क्षेत्र-वास्तूचंच, आणि मी ते प्रतिक्रमणात नुसतं म्हणत आले! पर्युषणात दोघांनी मर्यादा लिहिली: राहतं घर, बस्स.

दलालाला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायला मात्र जीभ अजून वळत नाही.