रुपयात किती आणे?

रात्रीचं दुखणं दिवसापेक्षा मोठं असतं. दिवसा माणसं येतात-जातात, कुकरच्या शिट्ट्या होतात, कुणी पेपर वाचून दाखवतं. त्या गलबल्यात दुखणं जरा मागे सरतं. रात्री दोननंतर मात्र घरात ते आणि ज्याला दुखतंय तो, एवढेच जागे उरतात. आत्या कधी ओरडली नाही. पदराचं टोक दातांत धरून, भिंतीकडे तोंड करून पडायची. तिच्या त्या न ओरडण्यानेच आमची झोप उडायची.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, कमरेच्या हाडापर्यंत पोचलेला. केमो सुरू होती, शेक देऊन झाले होते. एका तपासणीला डॉक्टरांनी केसपेपरवर ‘पॅलिएटिव्ह’ असं लिहून खाली पाठवलं आणि काकांचा चेहरा उतरला. जिन्यातच त्यांनी मला विचारलं, ‘‘म्हणजे आता संपलं का?’’

खालच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि खुर्ची आत्याच्या जवळ ओढली. झोप लागते का? शौचाला होतं का? घरात पैशाचं कोण बघतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मग म्हणाल्या, ‘‘आजी, दुखणं रुपयात किती आणे?’’

आत्याने थोडा विचार केला. ‘‘बाळंतपणाची कळ सोळा आणे धरा. ही चौदा.’’

इतक्या महिन्यांत तिचं दुखणं कुणी पहिल्यांदा मोजायला घेतलं होतं.

त्या चार प्रश्नांमागे एक बाई उभी आहे. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होती, मग रुग्णालयात समाजसेविका झाली आणि पुढे दुखण्याचाच अभ्यास करायचा म्हणून डॉक्टर झाली. 1967 साली तिने लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. तिचं सांगणं असं, की मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं एकट्या हाडामांसाचं नसतं. त्यात भीती असते, तुटलेली नाती असतात, पैशाची चिंता असते, देवाशी चाललेलं भांडणही असतं. हे सगळं मिळून एकच दुखणं, आणि औषध त्या सगळ्यावर करायचं. हीच पॅलिएटिव्ह सेवा.

तिचं काम हॉस्पिसमधून सुरू झालं म्हणूनच बहुधा लोक पॅलिएटिव्ह सेवा आणि हॉस्पिस एकच समजतात. आजार बरा करायचे उपचार थांबले, किंवा ते थांबवायचे असं रुग्णाने ठरवलं, की उरलेला काळ शक्य तितका वेदनेवाचून जावा यासाठीची सेवा म्हणजे हॉस्पिस. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून ती मिळायला आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरलंय, असं डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. पॅलिएटिव्ह सेवेला मात्र अशी कुठलीच मुदत नाही. ती निदानाच्या दिवशी सुरू होऊ शकते. केमोबरोबर चालते, डायलिसिसबरोबर चालते, थकलेल्या हृदयाच्या नि धापा टाकणाऱ्या फुप्फुसांच्या औषधांबरोबर चालते. लहान मुलांनाही लागते. हॉस्पिस हा तिचा शेवटचा टप्पा. अनेकांना तिथवर जावंच लागत नाही.

आत्याला मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. दर चार तासांनी, घड्याळ बघून. दुखायची वाट बघत बसायचं नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज न चुकता, कारण मॉर्फिनने कोठा बांधतो. काकांना व्यसनाची धास्ती होती. वेदनेच्या मापाने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं तर तसं क्वचितच होतं, हे बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं. पुढच्या खेपेला आत्या म्हणाली, ‘‘पाच आणे.’’ त्या संध्याकाळी तिने पाठीशी उशी घेऊन मेथीची जुडी मागितली. पान न पान निवडलं, कोवळ्या काड्या वेगळ्या ठेवल्या, आणि भाजीत लसूण कमी पडला म्हणून सुनेला बोललीही. केमो चालूच होती.

मेथी निवडण्याची ती संध्याकाळ किती घरांच्या वाट्याला येत नाही, हे आठवलं की माझं मन कळवळतं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि त्याच अफूतून मॉर्फिन निघतं. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने दवाखाने आणि औषधांची दुकानं ते ठेवायला कचरत राहिली. 2014 मध्ये कायदा सैल झाला; मनातला धाक अजून तितका सैल झालेला नाही. केरळमध्ये मात्र डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून कालिकतला पॅलिएटिव्ह सेवेचं जे काम उभं केलं, त्यातून पुढे गल्लीतले शेजारीच रुग्णाच्या घरी जाऊ लागले. आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र 1997 पासून आहे. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, कूस कशी बदलायची, जखम कशी पुसायची हे शिकतं आणि रुग्णाला घेऊन घरी परततं.

काकांच्या जिन्यातल्या प्रश्नाला बोस्टनच्या डॉक्टरांनी 2010 साली एक उत्तर दिलं होतं. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या काही रुग्णांना त्यांनी नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा दिली. त्या रुग्णांना नैराश्य कमी आलं, शेवटी शेवटी त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला, आणि इतरांपेक्षा ते सरासरी अडीच महिन्यांहून अधिक जगले.

पुढे केमो थांबवायचं आत्यानेच ठरवलं. तेव्हा नवं कुणी शोधावं लागलं नाही. खालच्या खोलीतल्या त्याच बाई आणि त्यांची नर्स घरी येऊ लागल्या. ओळख जुनी होती, आत्याला काही नव्याने सांगावं लागलं नाही.

तुमच्या घरात कुणाला मोठ्या आजाराचं निदान झालं असेल, तर उपचारांची पहिली तारीख घेतानाच विचारा: इथे पॅलिएटिव्हचा विभाग आहे का? नसेल तर जवळ कुठे आहे? ते घरी येतात का? डॉक्टर म्हणतील, एवढ्यात कशाला. तरी विचारा.