रंग शेवटी बघावा

पावसाळा सुरू झाला की मोबाइल पुढे येतात. “हा कुठला बेडूक?” फोटोत पाठ असते, फ्लॅशने चकाकणारी, आणि सोबत माहिती एवढीच की रंग पिवळसर होता. झाडावरच्या बेडकाची पाठ म्हणजे त्याचा सगळ्यात बेभरवशाचा भाग. कारवीच्या एकाच झुडपावर एकाच जातीचे दोन नर, एक हळदीसारखा आणि एक मातकट, असे मी आंबोलीत बघितले आहेत. घरात, न्हाणीघरात शिरणारा आपला नेहमीचा झाडबेडूकसुद्धा दिवसा भिंतीवर फिकट पडतो आणि रात्री गडद होतो.

ओळख कानापासून सुरू होते. बुश फ्रॉग, म्हणजे झुडूपबेडूक, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, पण त्याची टिकटिक पलीकडच्या वळणावर ऐकू जाते. टॉर्च मारत गेलात की तो गप्प. अशा वेळी दोघांनी दहा-बारा पावलं अंतर ठेवून उभं राहायचं, दिवे बंद. तो पुन्हा बोलू लागला की दोघांनी आपापल्या जागेवरून आवाजाकडे हात धरायचा. दोन्ही हातांच्या रेषा जिथे मिळतात, तिथलं पान न् पान बघायचं. सोबतच्या माणसाला घाई असेल तर हे जमत नाही. काही मित्रांना मी हल्ली रात्री बोलावतच नाही. बेडूक दिसला तरी लगेच फोटो नको. आधी ओरडणं रेकॉर्ड करावं, कारण फ्लॅशनंतर तो बोलेलच असं नाही.

मग पाय. बोटांच्या टोकाला रुंद चकत्या आहेत का? नुसत्या चकत्यांवर विसंबून चालत नाही, कारण झाडावर न राहणाऱ्या काही बेडकांचीही बोटं टोकाला थोडी फुगीर असतात. पुढच्या पायाच्या बोटांमध्ये पडदा किती, हे बघावं. मलबारी उडत्या बेडकाचा पडदा बोटांच्या टोकापर्यंत भरलेला आणि तांबडा-केशरी असतो. हिरव्या पाठीपेक्षा ही खूण कितीतरी पक्की. न्हाणीघरातल्या झाडबेडकाच्या हाताला पडदा जवळपास नसतोच. त्याच्या मांडीची मागची बाजू मात्र बघून ठेवावी: गडद जमिनीवर पिवळे ठिपके. तो बसलेला असताना हे ठिपके दिसत नाहीत, उडी मारायच्या तयारीत पाय ताणला की क्षणभर दिसतात. डोळ्यामागचं कर्णपटल त्याचं ठळक. बुश फ्रॉगचं शोधावं लागतं. हे सगळं बेडकाला हात न लावता होतं. डास पळवायचं मलम चोपडलेले हात तर त्याच्या ओल्या कातडीला लावूच नयेत.

जागाही बोलते. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत असेल, तर तिथे उडत्या बेडकाला किंवा न्हाणीघरातल्या झाडबेडकाला शोधावं. पिल्लं फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात. बुश फ्रॉगला तळं लागत नाही. अंड्यातच सगळं उरकून त्याचं इवलं, पाय फुटलेलं बेडूकच बाहेर येतं.

नाव मात्र सावकाश लिहावं. उत्तर सह्याद्रीतल्या छोट्या झुडूपबेडकांना आम्ही हौशी मंडळी सरसकट ‘बॉम्बेन्सिस’ म्हणायचो. ते नाव प्राणिशास्त्रज्ञ अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये कॅसल रॉकच्या बेडकाला दिलेलं. २००९ मध्ये आंबोलीच्या नावाचा एक झुडूपबेडूक शास्त्रात नोंदला गेला. २०१० मध्ये ‘बॉम्बेन्सिस’ची प्रजातच बदलून ‘राओर्चेस्टिस’ झाली, बेडकांचे जुने अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच घाटांतून ‘घाटेई’ ही नवी जात आली, पुण्याच्या प्रा. हेमंत घाटे यांच्या नावाने. माझ्या जुन्या वह्यांत जिथे फक्त ‘बॉम्बेन्सिस, एक’ असं लिहिलंय, त्या ओळींचं आता काहीच करता येत नाही. जिथे आवाज, लांबी, झुडूप आणि ठिकाण आहे, त्या पानांवर मी अजून काम करतो आहे.